रक्ताच्या पाटाची दारे

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय जाहीर झाला की श्रोते मनाशी गड, लढाया आणि बखरी यांची तयारी करून येतात. आम्ही आज ज्या इतिहासाकडे वळणार आहोत त्यात एकही लढाई नाही. हा इतिहास आहे शरीरातील बारीक रक्तवाहिन्यांचा. त्या कधी अरुंद होतात, कधी रुंद होतात. त्यांना तसे होण्याची आज्ञा कोण देते. आणि ही आज्ञा माणसाला कशी वाचता आली, हे पाहावयाचे आहे. या कथेचा आरंभ युरोपात होतो, पण तिचे एक महत्त्वाचे पर्व आपल्या मुंबईत आणि आपल्याच रानातील एका मुळीवर घडले आहे. ते पर्व आपल्याकडे जितके ठाऊक असावयास हवे तितके नाही.

विषय वैद्यकाचा असला तरी कऱ्हाटीतील माणसाला तो परका वाटण्याचे कारण नाही. ज्या मुलखात पावसाचा भरवसा नाही तेथे पाण्याच्या वाटपाचे शास्त्र कोणी शिकवावे लागत नाही. 1885 साली नीरेचा डावा कालवा वाहू लागला आणि बारामती-इंदापुराकडील जिराईत रानात ऊस उभा राहिला. कालव्यातून फाटा, फाट्यातून चारी, चारीतून शेताचे दार, अशी ती उतरंड. धरणात पाणी किती आहे हा एक प्रश्न; ते आज कोणाच्या रानात जाणार हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर धरणावर मिळत नाही, ते दारावर मिळते. सगळी दारे एकदम उघडली तर वरच्या शेतकऱ्याचेही पुरते भिजत नाही आणि शेपटाच्या शेतकऱ्याच्या वाट्याला तर कोरडी चारी येते. म्हणून पाळी लागते, म्हणून पाटकरी लागतो.

शरीरातही हेच आहे. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला साधारण तेवढेच रक्त बाहेर ढकलते. म्हणजे मिनिटाभरात सारे रक्त एकदा फिरून येते. आता रक्तवाहिन्यांची एकूण सामावण्याची शक्ती या पाच लिटरांहून पुष्कळच अधिक आहे. सर्व वाहिन्या एकाच वेळी पूर्ण उघडल्या तर रक्त त्यांत जिरून जाईल आणि हृदयाकडे परत येणार नाही. म्हणून कोठे तरी दारे हवीत. ही दारे म्हणजे सूक्ष्म रोहिण्या. मोठ्या रोहिणीला फाटे फुटत फुटत मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक अशा ज्या नळ्या उरतात आणि ज्यांच्या पुढे केशवाहिन्यांचे जाळे सुरू होते, त्या या. त्यांच्या भिंतीत वर्तुळाकार स्नायू असतात. स्नायू आवळला की नळी अरुंद, सैलावला की रुंद.

या दारांत एक मोठी खुबी आहे. पॅरिसच्या प्वाझय नावाच्या वैद्याने 1840 च्या दशकात बारीक नळ्यांतून वाहणाऱ्या द्रवाची मोजदाद केली आणि एक विलक्षण नियम सांगितला. दाब तोच ठेवून नळीची रुंदी निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही, तो सोळावा हिस्सा उरतो. नळी अवघ्या पाचव्या हिश्शाने अरुंद झाली तरी प्रवाह निम्म्याहून खाली जातो. म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या हालचालीने शरीर रक्ताचे वाटप बदलू शकते. विश्रांतीत सगळ्या अंगाच्या स्नायूंना मिळून मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त पुरते. कष्टाच्या कामात तेच पंधरा लिटरांच्या वर जाते. हृदय वेगाने धावतेच, पण दारे उघडल्यावाचून ते शक्य नसते. उन्हात ऊस तोडणाऱ्या माणसाची त्वचा लालसर आणि ऊन होते, माघातल्या पहाटे मोटेवर उभ्या राहिलेल्या माणसाची बोटे पांढरी पडत असत, लाजेने गाल आरक्त होतात, भीतीने चेहरा उतरतो. या सगळ्यांत एकच गोष्ट चालू असते, ती म्हणजे दारांची उघडझाप. प्रश्न इतकाच की दारावरच्या पाटकऱ्याला निरोप कोण पोहोचवतो?

हा प्रश्न विचारता येण्याइतके ज्ञान जमावयासही फार काळ लागला. रक्त हृदयापासून निघून पुन्हा हृदयाकडे येते, हे विल्यम हार्वीने 1628 मध्ये प्रसिद्ध केले. शिवजन्माच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट. रोहिण्यांतले रक्त नीलांत कोणत्या वाटेने जाते, हे हार्वीला दिसले नव्हते. 1661 मध्ये इटलीत मालपिघीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाने केशवाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पुरे झाले. 1733 मध्ये इंग्लंडातील स्टीफन हेल्स नावाच्या धर्मोपदेशकाने एका घोडीच्या रोहिणीत पितळी नळी बसवून तिला उंच काचेची नळी जोडल्याचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. रक्त सव्वाआठ फूट चढले आणि प्रत्येक ठोक्यासरशी वरखाली होऊ लागले. रक्तदाब मापल्याचा हा पहिला प्रसंग. त्या वेळी पुण्यात पहिल्या बाजीरावाची पेशवाई होती, आणि पुढे ज्यांच्यामुळे बारामतीचे नाव मराठी कवितेत कायमचे कोरले गेले ते मोरोपंत चार वर्षांचे होते.

मज्जातंतूंचा संबंध मात्र अजून कोणाच्या ध्यानात नव्हता. 1727 मध्ये पुरफुर द्यु पेती या फ्रेंच शल्यवैद्याने कुत्र्याच्या मानेतील एक मज्जातंतू कापला असता त्या बाजूचा डोळा लाल झाल्याची नोंद केली. पण त्या लालीचा अर्थ कोणी लावला नाही. निरीक्षण पदरात पडते, त्याला विचारावयाचा प्रश्न हाताशी नसतो, आणि निरीक्षण तसेच पडून राहते, असे विज्ञानाच्या इतिहासात वारंवार घडलेले आहे. येथे तर ते सव्वाशे वर्षे पडून राहिले. 1840 च्या सुमारास हेन्ले या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने लहान रोहिण्यांच्या भिंतीत स्नायू असल्याचे दाखवले, तेव्हा प्रश्न विचारण्याची सोय झाली. स्नायू आहे तर त्याला हालवणारा कोणी असलाच पाहिजे.

येथे या कथेचा पहिला मोठा पुरुष येतो. क्लोद बेर्नार. द्राक्षमळे लावणाऱ्या शेतकऱ्याचा हा मुलगा 1813 मध्ये फ्रान्समधील एका खेड्यात जन्मला. औषधविक्याच्या दुकानात उमेदवारी करीत असताना त्याने नाटके लिहिली, नाटककार होण्यासाठी पॅरिस गाठले, आणि तेथे एका टीकाकाराने त्याला पोटासाठी दुसरा काही धंदा शिकण्याचा सल्ला दिला. त्याने वैद्यक निवडले. 1851 मध्ये बेर्नार शरीरातील उष्णतेचा विचार करीत होता. अवयवांत उष्णता उत्पन्न होते ती मज्जातंतूंच्या प्रेरणेने, अशी त्याची समजूत होती. तेव्हा मज्जातंतू कापला तर अवयव थंड पडावा, हा त्याचा तर्क सरळ होता. त्याने सशाच्या मानेतील अनुकंपी मज्जातंतू कापला. ससा त्याने मोठ्या समजून निवडला होता. त्याचा कान इतका पातळ की उजेडाला धरला असता आतील रक्तवाहिन्या उघड्या डोळ्यांना मोजता येतात.

कान थंड पडला नाही. तो ऊन झाला, लाल झाला, आणि त्यातील रक्तवाहिन्या फुगून वर आल्या. हात लावताच दोन्ही कानांतील फरक कळावा इतकी उष्णता वाढली होती. आपला तर्क खोटा ठरला म्हणून बेर्नारने प्रयोग बाजूला टाकला नाही. जे दिसले ते त्याने जसेच्या तसे नोंदले आणि जगापुढे ठेवले. या इतिहासात आम्हांला सर्वांत शिकण्यासारखी वाटते ती ही घटना. आपण मांडलेल्या गणिताच्या उलट उत्तर आले असता ते उत्तर लपवू नये, एवढ्या एका सवयीवर प्रयोगशास्त्राची सारी इमारत उभी आहे.

पण अर्थ लागावयाचा होता. तंतू कापल्यावर वाहिन्या रुंद झाल्या. मग शाबूत असताना तो काय करीत होता? उत्तराचा पहिला नेमका पुरावा 1852 मध्ये ब्राउन-सेकार याने दिला. हा गृहस्थ मॉरिशसचा. ज्या बेटावर 1834 नंतर कोकणातील मराठी कुटुंबे उसाच्या मळ्यांत मजुरीला गेली, त्याच बेटावरील पोर्ट लुई येथे 1817 मध्ये त्याचा जन्म झाला होता. त्याने तोडलेल्या तंतूच्या कानाकडील टोकाला विजेचा सौम्य प्रवाह दिला. फुगलेल्या वाहिन्या पाहता पाहता आकसल्या आणि कान थंड पडला. पुढल्याच वर्षी, मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली त्या 1853 मध्ये, बेर्नारने आणि इंग्लंडातील वॉलरनेही तेच दाखवले. म्हणजे हा मज्जातंतू वाहिनीला सतत थोडी आवळून धरण्याचे काम करीत होता. तो तुटला तेव्हा मूठ सैल झाली आणि रक्ताचा लोंढा कानात शिरला.

यातून निघालेली गोष्ट नीट समजून घ्यावयास हवी, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. आपल्या सूक्ष्म रोहिण्या कधीच पूर्ण उघड्या नसतात. जागेपणी, झोपेत, क्षणोक्षणी अनुकंपी मज्जातंतूंतून मंद गतीने संदेश येत असतात आणि वाहिन्या अर्धवट आवळलेल्या राहतात. दार उघडावयाचे असेल तर बहुतेक ठिकाणी वेगळी आज्ञा लागत नाही. आवळण्याची आज्ञा कमी केली की पुरते. रुंद करणारे निराळे तंतूही काही ठिकाणी आहेत. बेर्नारनेच 1858 मध्ये जबड्याखालील लाळग्रंथीत ते दाखवले. तंतू चेतवताच ग्रंथीतील रक्तप्रवाह इतका वाढला की नीलेतून येणारे काळपट रक्त लालभडक दिसू लागले. तथापि शरीराचा मोठा कारभार चालतो तो आवळणे आणि सैल सोडणे या एकाच लगामावर.

मग लगाम धरणारा कोठे बसतो? जर्मनीतील कार्ल लुडविगने 1847 मध्ये रक्तदाबाची रेघ फिरत्या कागदावर आपोआप उमटवणारे यंत्र केले होते. क्षणाक्षणाचा दाब डोळ्यांपुढे लिहिला जाऊ लागल्यामुळे जे पूर्वी हाताशी येत नव्हते ते आता वाचता येऊ लागले. 1866 मध्ये त्याने सियोन या रशियन सहकाऱ्यासह असा एक मज्जातंतू शोधला की जो हृदयाजवळून मेंदूकडे वार्ता नेतो आणि जो चेतवला असता साऱ्या शरीराचा रक्तदाब उतरतो. त्याच प्रयोगशाळेत 1871 मध्ये ओव्स्यान्निकोवने मेंदूचे काप वरून खाली घेत घेत दाखवले की दाब राखणारे केंद्र मेंदूच्या अगदी तळाशी, लंबमज्जेत आहे. वरचा मेंदू गेला तरी दाब टिकतो, लंबमज्जा तुटली की तो कोसळतो. वार्ता वर नेणारी वाट, निर्णयाचे ठाणे आणि आज्ञा खाली आणणारी वाट, असा हा पुरा बंदोबस्त. 1920 च्या दशकात हेरिंगने मानेतील रोहिणीच्या दुभाजकाजवळही असेच एक ठाणे दाखवले. तेथे रोहिणीची भिंत किती ताणली गेली हे मोजले जाते आणि ते लंबमज्जेला कळवले जाते.

या बंदोबस्ताची साक्ष आपण रोज देतो. माणूस निजलेला उठून उभा राहिला की अर्धा लिटरहून अधिक रक्त पायांकडे आणि पोटाकडे ओघळते. मानेतील ठाण्याला दाब कमी झाल्याचे कळते, लंबमज्जेतून आज्ञा सुटते, पायांच्या आणि पोटाच्या वाहिन्या आवळतात, आणि काही सेकंदांत मेंदूचे रक्त पूर्ववत होते. हे घडले नाही तर भोवळ येते. वैशाखाच्या लग्नात मांडवाखाली ताटकळत उभा राहिलेला तरणाताठा मुलगा अंतरपाट दूर होण्याआधीच कोसळतो, तो कशाने? उकाड्याने त्वचेची दारे सताड उघडलेली असतात, पायांत रक्त साचलेले असते, आणि एका क्षणी लंबमज्जेची पकड सुटते. अशा वेळी चार माणसे त्याला धरून बसते करावयास धावतात. तसे करू नये. त्याला आडवे निजू द्यावे आणि पाय थोडे उंच ठेवावेत. शरीराने आडवे पडून जो उपाय स्वतःच केला आहे तो आपण मोडू नये. ज्यांना जुना मधुमेह आहे त्यांच्यात हे मज्जातंतू पुष्कळदा निकामी होतात. त्यांनी अंथरुणातून एकदम उठू नये, आधी क्षणभर बसावे, असे डॉक्टर सांगतात ते यासाठीच.

एक दुवा अजून राहिला होता. मज्जातंतूचे टोक आणि वाहिनीचा स्नायू यांच्यामध्ये सूक्ष्म अंतर असते. संदेश ते अंतर ओलांडतो कसा? केंब्रिजच्या लँग्लीने 1898 मध्ये या साऱ्या आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेला स्वायत्त असे नाव दिले, आणि त्याचाच विद्यार्थी एलियट याने 1904 मध्ये सुचवले की तंतूच्या टोकातून एखादे रसायन स्रवत असावे. मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीचा अर्क टोचला असता रक्तदाब चढतो हे दहा वर्षांपूर्वीच दिसले होते. नेमके रसायन नॉरअॅड्रेनलिन हे स्वीडनमधील फॉन ऑयलरने 1946 मध्ये सिद्ध केले. ते तंतूच्या टोकाशी बारीक पिशव्यांत साठवलेले असते. संदेश आला की पिशव्या फुटतात, रसायन स्नायूवर पडते, स्नायू आवळतो.

इथवरची कथा ऐकून कोणीही विचारील, याचा आजाऱ्याला उपयोग काय? 1945 पर्यंत त्याचे उत्तर फारसे बरे नव्हते. रिवा-रोच्चीचा दंडपट्टा 1896 मध्ये आला, कोरोतकोवने 1905 मध्ये दंडाशी नळी लावून ठोके ऐकण्याची रीत दिली, आणि रक्तदाब मोजणे सोपे झाले. पण चढलेला दाब उतरवावयाचा कसा? अमेरिकेत 1930 आणि 1940 च्या दशकांत शल्यवैद्यांनी बेर्नारचाच प्रयोग माणसावर करून पाहिला. पाठीच्या कण्यालगतच्या अनुकंपी मज्जातंतूंची साखळी कापून काढावयाची. दाब उतरे, पण शस्त्रक्रिया भयंकर असे आणि रोगी उभा राहिला की त्याला घेरी येई. 12 एप्रिल 1945 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने गेले. शेवटच्या घटकेला त्यांचा दाब पाऱ्याच्या 300 मिलिमीटरच्या वर गेला होता. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाला देण्यासारखे धड औषध त्या राष्ट्राच्या वैद्यांपाशी नव्हते.

त्याच वेळी आपल्या देशात एक मुळी वापरात होती. सर्पगंधा. आपल्या कऱ्हाटीच्या माळावर ती येणार नाही. तिला सह्याद्रीच्या पाणथळ सावलीचे, कोकणपट्टीचे रान लागते. सर्पदंशावर, उन्मादावर, निद्रानाशावर तिचा उपयोग वैद्य पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते. 1931 मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की ही मुळी उन्मादाबरोबर चढलेला रक्तदाबही शमवते. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बी महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी तिच्यातील काही क्षारद्रव्ये वेगळी काढली आणि त्यांतील एकाला हकीम अजमलखानांच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिले. रामनाथ चोप्रा यांनी कलकत्त्यात तिचे प्राण्यांवरील परिणाम तपासले. पण देशाबाहेर याची दखल जवळजवळ कोणी घेतली नाही.

ती घेतली जावी असे काम केले मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. 1911 मध्ये मुंबईतच जन्मलेल्या, लंडनमध्ये शिकून आलेल्या आणि के. ई. एम. रुग्णालयाशी निगडित असलेल्या या हृदयरोगतज्ज्ञाने सर्पगंधा वर्षानुवर्षे आपल्या रोग्यांना दिली आणि दंडपट्ट्याने मोजून नोंदी ठेवल्या. 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्यांचा निबंध आला. पन्नास रोग्यांचे आकडे त्यात मांडले होते, दाब किती होता आणि किती उतरला. गुणगान नाही, प्राचीन गौरवाची भाषा नाही, नुसते आकडे. बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो निबंध वाचून मुळी मागवली आणि आपल्या रोग्यांवर तिचा अनुभव घेतला. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे म्युलर, श्लिट्लर आणि बाइन यांनी तिच्यातील प्रभावी द्रव्य, रेसर्पिन, वेगळे काढले. दोन-तीन वर्षांत ते जगभरच्या औषधांच्या दुकानांत पोहोचले. 1957 मध्ये वकिलांना अमेरिकेतील मानाच्या लास्कर पुरस्काराचा वाटा मिळाला आणि 1958 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

येथे श्रेय कोणाचे, असा वाद आपल्याकडे नेहमी निघतो. मुळी आमची, पैसा त्यांचा, असे म्हणून आपण मोकळे होतो. दुसऱ्या टोकाला, गावठी मुळीत काय ठेवले आहे, शोध लागला तो बाझेलला, असे म्हणणारेही असतात. आम्हांला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. मुळी ओळखणाऱ्या अनामिक वैद्यांचा वाटा पहिला, हे निर्विवाद. पण हजार ठिकाणी मुळी दिली गेली आणि कोणी बरा झाला, कोणी झाला नाही, याची नोंद राहिली नाही. त्यामुळे ते ज्ञान एका घराच्या उंबऱ्याबाहेर जाऊ शकले नाही. वकिलांनी तिला मोजले. मोजल्यामुळे बोस्टनच्या माणसाला ती मुंबईच्या माणसाच्या शब्दावर विश्वास न ठेवताही पडताळता आली. परंपरेचा मान राखण्याची याहून चांगली रीत आम्हांला ठाऊक नाही.

आणि या मुळीने जाता जाता आपला जुना प्रश्नही उजळून टाकला. रेसर्पिनने दाब उतरतो तो कसा? 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात उलगडा झाला. मज्जातंतूच्या टोकाशी ज्या पिशव्यांत नॉरअॅड्रेनलिन साठते त्या पिशव्या भरण्याची क्रियाच रेसर्पिन बंद पाडते. साठा हळूहळू रिता होतो. लंबमज्जेची आज्ञा निघते, तंतूतून खालपर्यंत येते, पण टोकाशी द्यावयाला काही उरलेले नसते. शल्यवैद्य जे सुरीने करीत होते तेच ही मुळी न कापता करीत होती. रेसर्पिन घेणाऱ्याचे नाक चोंदते ही जुनी तक्रार. तिचेही कारण हेच, नाकातील वाहिन्यांची मूठ सैल होते आणि अस्तर फुगते. बेर्नारच्या सशाचा लाल कान आणि मुळी घेणाऱ्याचे चोंदलेले नाक ही एकाच घटनेची दोन रूपे आहेत. 1957 मध्ये स्वीडनच्या कार्लसनने रेसर्पिन देऊन निश्चेष्ट झालेल्या सशांना आणि उंदरांना एल-डोपा टोचून पुन्हा हिंडते केले. कंपवातावरील आजच्या औषधाचा मार्ग तेथून निघाला.

मुळीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मेंदूतील साठेही तिने रिते होतात. काही रोगी तिने खोल उदास झाले. 1954 पासूनच डॉक्टरांनी ते नोंदवले आहे. अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेल्या आणि 1967 व 1970 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नामांकित चाचणीत इतर दोन औषधांच्या जोडीने रेसर्पिन दिले गेले, आणि चढलेला दाब उतरवल्याने पक्षाघात व हृदयाचे बळी कमी होतात हे प्रथम निर्विवाद सिद्ध झाले. त्यानंतर निराळ्या वाटेने काम करणारी औषधे आली. कोणी मूत्रपिंडाकरवी मीठ-पाणी बाहेर टाकते, कोणी वाहिनीचा स्नायूच सैल करते. रेसर्पिन मागे पडले. दाब चढण्याला मज्जातंतू हेच एकटे कारण नाही, मूत्रपिंडाचा आणि मिठाचा वाटा मोठा आहे, हेही उमगले. 1980 मध्ये फर्चगॉटने दाखवले की वाहिनीचे आतले अस्तरही तिला रुंद होण्याचा निरोप देते. तो निरोप नायट्रिक ऑक्साइड या वायूचा, आणि त्यासाठी 1998 चे नोबेल पारितोषिक दिले गेले. दारावर पाटकरी एकच नाही, हे आज आपण जाणतो.

तेव्हा कोणी बाजारात सर्पगंधेचे चूर्ण देऊ केले तर आजच्या व्याख्यानाचा दाखला देऊन ते घेऊ नये, एवढी विनंती आहे. तिची मात्रा मोजावी लागते आणि तिचे दुष्परिणाम जाणत्याने पाहावे लागतात. शिवाय मुळीसाठी झाड समूळ उपटावे लागत असल्यामुळे रानातून ती दुर्मिळ झाली आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

खरी गोष्ट याहून साधी आहे. चढलेला रक्तदाब बहुतेक वेळा काही बोलत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, माणूस कामाला जातो, जेवतो, झोपतो. आणि आत सूक्ष्म रोहिण्या वर्षानुवर्षे आवळलेल्या राहतात. त्यांच्या भिंती जाड होतात, हृदयाला अधिक जोर लावावा लागतो, मूत्रपिंड झिजते, आणि एखाद्या सकाळी अर्धे अंग लुळे पडते. ज्या घरी पूर्वी कण्या आणि हुलगे शिजत त्या घरी आता चहाबरोबर खारी-फरसाण आले आहे, पायी चालणे सुटले आहे. म्हणून चाळिशीनंतर वर्षातून एकदा तरी दाब मोजून घ्यावा, मीठ हात राखून घ्यावे, आणि दाब उतरला म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी सोडू नये. दाब उतरला आहे तो बहुधा गोळीमुळेच.

कालव्याच्या शेपटाचा शेतकरी पाणी आले नाही तर ओरडतो, अर्ज करतो, मोर्चा काढतो. शरीराच्या शेपटाला ती सोय नाही. त्याची तक्रार ऐकण्यासाठी हेल्सपासून वकिलांपर्यंत माणसांनी सव्वादोनशे वर्षे खर्ची घातली आणि शेवटी ती दंडावरच्या एका पट्ट्यात आणून ठेवली. तो पट्टा आज गावच्या आरोग्य केंद्रात आहे. मोजावयाला दोन मिनिटे लागतात.